जिम्नी, घरची चार माणसं आणि अडीच लाखांचं कोटेशन

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात राहणारं कुटुंब, दोन वर्षं जुनी पाच दारांची मॅन्युअल जिम्नी, घरात नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारी आई. पानशेत, वेल्ह्याकडच्या कच्च्या वाटा करून झाल्या, आता जरा अवघड ट्रेल करायचेत. अ‍ॅक्सेसरीवाल्याने अडीच लाखांचं पॅकेज दिलंय, त्यात तीन इंची लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं), मोठे एमटी म्हणजे चिखलाचे टायर, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढणारी मोटरची चरखी), छतावर रॅक आणि स्नॉर्कल (इंजिनला हवा वरून घेणारी नळी). एकदम करून टाकू का थोडं थोडं करू?

थोडं थोडं. आणि त्या यादीतल्या निम्म्या गोष्टी कधीच नाही केल्या तरी चालेल.

मी हे गेली सोळा-सतरा वर्षं करतोय, आधी जुनी जिप्सी होती, मग थार आणि आता घरात जिम्नीच आहे, त्यामुळे चुका सगळ्या करून झाल्यात. सगळ्यात महाग चूक कुठली म्हणाल तर तीन कामं एकाच आठवड्यात करून घेतली ती. लिफ्ट, मोठे टायर आणि रॅक, सगळं शुक्रवारी रात्री तयार, शनिवारी सकाळी सातारा रोडला लागलो आणि साधारण ७० च्या स्पीडला एका खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग असं काही थडथडायला लागलं की बायकोने डॅशबोर्डचं हँडल धरलं ते खंबाटकी येईपर्यंत सोडलं नाही. आता हे कशामुळे? टायरचं बॅलन्सिंग, लिफ्टमुळे बदललेला कॅस्टर (पुढच्या चाकांचा तिरपा कोन, ज्याने स्टिअरिंग सरळ राहतं), सैल पॅनहार्ड रॉड (चाकांचा दांडा मधोमध धरणारी आडवी सळई) का चाक वळवणाऱ्या किंगपिनचं बेअरिंग? तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या त्यामुळे कुणालाच सांगता येईना, गॅरेजवाला म्हणे टायर, टायरवाला म्हणे लिफ्ट. दोन महिने त्यात गेले. म्हणून एका वेळी एकच बदल, मग निदान दोन-तीन हजार किलोमीटर आणि दोन-चार ट्रेल, मग पुढचा. असं केलं की गाडी स्वतःच सांगते तिला पुढे काय पाहिजे.

आता खरा मुद्दा, जो पॅकेजवाला कधीच सांगत नाही. वजन.

पाच दारी जिम्नी रिकामी साधारण १२१० किलो भरते आणि कंपनीने ठरवलेलं जास्तीत जास्त एकूण वजन आहे १५४५ किलो. म्हणजे माणसं, सामान, अ‍ॅक्सेसरी सगळं धरून तुमच्या हातात ३३५ किलो, बास. चारच सीटची गाडी आहे, हे बरंच आहे एका अर्थी. तुमचं कुटुंब धरू, तुम्ही ८०, वहिनी ६०, आई ६०, मुलगी ३०, झाले २३०. पाण्याचे कॅन, डबे, बॅगा, हत्यारं, जॅक वगैरे ४०. उरले ६५ किलो. आता पॅकेजकडे बघा: लोखंडी बंपर ४० किलोच्या आसपास, तारेच्या दोरासकट मोठी विंच ३५ ते ४०, रॅक ३०, मोठे पाच टायर प्रत्येकी सहा-सात किलो जास्त म्हणजे अजून ३० च्या वर. झाले १४० किलो, म्हणजे घरातून निघतानाच ७५ किलो ओव्हरलोड, आणि इंजिन १०५ पीएसचं, टॉर्क १३४ एनएम, तोही ४००० आरपीएमला. ताम्हिणीच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये रडत जाल. जिम्नीची सगळी जादू तिच्या हलकेपणात आहे, जिथे दोन टनाची गाडी चिखलात बसते तिथून ही वरच्यावर निघून जाते, आणि आपण पैसे देऊन नेमकं तेच घालवतो.

म्हणून माझा क्रम सोपा आहे, आधी ज्याला वजन नाही ते, मग ज्याला थोडं आहे ते, आणि जड वस्तू सगळ्यात शेवटी आणि शक्यतो नाहीच.

वजन नसलेली पहिली गोष्ट म्हणजे हवा. काढलेली हवा. हसू नका, मी शपथेवर सांगतो की पहिल्या वर्षात तुम्हाला जिथे जिथे वाटेल की आता लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारं कुलूप) पाहिजे, एमटी पाहिजे, त्यातल्या निम्म्या ठिकाणी फक्त हवा कमी केली की गाडी चढून जाते. दारावरच्या स्टिकरवरचं प्रेशर रस्त्यासाठी आहे. दगड-मुरुमाची वाट लागली की १८ ते २० पीएसआय, वाळू लागली तर १५ पर्यंत. हवा कमी केल्यावर टायर रुंदीला फारसा पसरत नाही, लांबीला पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा, आणि दगडाच्या कडेवर आदळून उडण्याऐवजी त्याला कवटाळतो. आतल्या माणसांच्या पाठीला आराम तो वेगळाच, तुमच्या आईंना तर हा फरक लगेच कळेल. फक्त एवढं पाळायचं की कमी हवेवर २५-३० च्या वर स्पीड नाही, झटक्यात वळण नाही, नाहीतर टायर रिमवरून उतरतो, आणि डांबर लागलं की आधी हवा भरायची मग चहा. त्यासाठी एक बरा कंप्रेसर लागतो, थेट बॅटरीला चिमटे लावायचा. लायटरच्या सॉकेटवर चालणारे खेळणे घेऊ नका, दुसऱ्या टायरला दमतात किंवा फ्यूज उडवतात. आमच्याकडे हे खातं मुलाकडे आहे, तो गेज घेऊन चारही चाकं फिरतो आणि अर्धा पीएसआय जास्त राहिला तरी मला बोलतो.

दुसरी वजन नसलेली गोष्ट म्हणजे तुमचा उजवा पाय. जिम्नीला डिफरन्शियल लॉक, म्हणजे तो लॉकर, नाही, ब्रेक एलएसडी आहे, म्हणजे एक चाक हवेत उचललं आणि नुसतं फिरायला लागलं की गाडी त्याच चाकाला ब्रेक लावते आणि ताकद दुसऱ्या बाजूला ढकलते. हे काम करायला एक-दोन सेकंद घेते. आणि नवीन माणूस काय करतो, चाक फिरलं, खालून कर्र-कर्र-टक-टक आवाज आला की घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, नेमका तेव्हाच जेव्हा सिस्टम काम सुरू करणार असते. तिथे पाय हलवायचा नाही, रेस एकसारखी धरायची, आवाज येऊ द्यायचा. वेल्ह्याच्या पुढे एका ओढ्याच्या चढाला एक पोरगा पंधरा मिनिटं अडकला होता, चार जण ढकलायला, दोघं विंच काढायच्या बेतात. त्याला म्हटलं फोर-लो (चारही चाकांना ताकद, हळू गिअर), पहिला गिअर, रेस अडीच हजारावर धर आणि मी थांब म्हणेपर्यंत काही करू नको. डावं मागचं चाक फिरलं, टक-टक झालं, एक श्वास घेण्याएवढा वेळ गेला आणि गाडी आपली आपण वर. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मात्र फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा गिअर) कोरड्या डांबरावर चालवू नका, या गाडीला पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही, वळताना सगळं आवळून बसतं.

आता पहिली खरेदी. रिकव्हरीचं सामान. पुढे-मागे चासीला बोल्ट केलेले, ओढायची ताकद ठरलेले रेटेड पॉइंट, दोन सॉफ्ट शॅकल (दोराच्या कड्या), एक कायनेटिक म्हणजे ताणला जाणारा दोर, हातमोजे, एक लहान फावडं आणि जमलं तर चाकाखाली घालायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड. हे सगळं पंचवीस-तीस हजारांत आणि १५ किलोच्या आत बसतं. गाडीखाली जे कडे दिसतात त्यातले काही ट्रकवर चढवताना गाडी बांधायला असतात, झटका देऊन ओढायला नाहीत, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आणि टो-बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) दोर अडकवून झटका कधीही, म्हणजे कधीही द्यायचा नाही, तो तुटला की तोफगोळ्यासारखा जातो आणि जगभर माणसं त्याने मेलीत. दोर ताणला की बघ्यांना लांब, मुलीला तर दुसऱ्या गाडीत बसवायचं. दोराच्या मध्यावर ओली गोणी किंवा जुनी चादर टाका.

विंचचं काय? दोन गाड्यांनी जात असाल तर नाही लागत, आणि कुटुंब घेऊन एकट्या गाडीने अवघड ट्रेलला जायचंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. पुढेमागे घ्यायचीच झाली तर हिशोब करा, भरलेल्या गाडीच्या दीडपट, म्हणजे साधारण २३०० किलो, म्हणजे ६००० पाउंडची पुरते, दोराची, तारेची नाही. ९५०० ची विकतात कारण ती थारवाल्यांसाठी मागवलेली असते आणि दुकानात पडून असते.

टायर. इथे पैसे खर्च करा, खुशाल करा. मूळ टायर १९५/८० आर १५, रस्त्याचा टायर आहे, त्याच्या बाजूच्या भिंती आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाला टिकत नाहीत, बेसाल्ट फुटला की त्याची धार सुरीसारखी असते आणि कट नेहमी साइडवॉललाच जातो जिथे पंक्चरवाला हात वर करतो. सगळे २३५/७५ आर १५ टाकतात, दिसतोही झकास, व्यास ४० मिलिमीटरने वाढतो म्हणजे गाडी २० ने वर. पण तुमची रिम साडेपाच इंची आहे आणि या साइजला निदान सहा इंची रिम लागते, म्हणजे रिमचाही खर्च, वर गिअरिंग जवळजवळ सहा टक्क्यांनी उंच होतं, मीटर १०० दाखवेल तेव्हा आधीपेक्षा तुम्ही सहाने जास्त पळत असाल आणि चढाला क्लच जास्त रडेल. मी सुरुवातीला २१५/७५ आर १५ चे एटी, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीचे, टायर सांगेन, मूळ रिमवर बसतात, उंची वाढते फक्त पाच मिलिमीटर, मिरवायला काही नाही, पण पकड आणि साइडवॉलमधला फरक जमीन-अस्मानाचा. वॉरंटी संपली, रस बसला की मग २३५ बघा.

अजून एक जे कुणी बोलत नाही, स्टेपनी मागच्या दारावर लटकलेली आहे. मोठ्या टायरची जड स्टेपनी दगडी वाटेवर तासनतास दार हलवते, सहा महिन्यांत माझं दार खाली बसलं, लॅच जुळेना, खडखड सुरू. बिजागऱ्या आवळून आणि रबरी स्टॉपर बाहेर काढून निभावलं.

एमटीचं म्हणाल तर नको. तुमची गाडी नव्वद टक्के डांबरावर चालणार, पावसाळ्यात ओल्या हायवेवर एमटीचा ब्रेकिंग लांबतो, वर आवाज. आणि चिखलाबद्दलही गैरसमज आहे. कोकणातला लाल चिखल पातळ असतो, त्यात एमटी खरंच खणतो आणि चालतो. पण घाटावरच्या काळ्या मातीत पाऊस पडला की एमटी काय आणि ट्रॅक्टर काय, दोन फेऱ्यांत खाचा भरतात आणि चाकाचा लाडू होतो. तिथे एकच उपाय, जायचं नाही, दोन दिवस ऊन पडू द्यायचं.

टायरनंतर एक अख्खा हिवाळा गाडी तशीच चालवा. मग खाली झोपून बघा ओरखडे कुठे पडलेत. हा माझा आवडता भाग आहे, खडू घेऊन प्रत्येक ओरखड्यावर खूण करायची. पाच दारीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर, तीन दारीपेक्षा ३४० ने लांब. पुढचा-मागचा कोन झकास (३६ आणि ५० अंश) पण या लांबीमुळे पोटाचा कोन फक्त २४. म्हणजे बांधावर, टेकाडावर पोट टेकणार. खुणा बहुतेक ट्रान्सफर केसच्या आसपास, चाकांच्या आर्मच्या ब्रॅकेटवर आणि मागच्या शॉकअपच्या खालच्या माउंटवर सापडतील. जिथे खूण तिथेच प्लेट, जाड अ‍ॅल्युमिनियमची, पूर्ण पोटाला लोखंडी तवा नको. ऑइल बदलायला भोक आहे ना ते बघून घ्या, नाहीतर मेकॅनिक दर सर्व्हिसला शिव्या घालतो. बाजूला रॉक स्लायडर (दाराखाली दगड झेलणारे पाइप) लावायचे असतील तर चासीला बसणारे. बॉडीला बसणारं शोभेचं फूटस्टेप दगडावर टेकलं की वर दुमडतं आणि दारच उघडत नाही, हे मी एका मित्राच्या गाडीत बघितलंय, मागचे लोक डिकीतून बाहेर आले. चासीवाले स्लायडर जोडी २५-३० किलो, पण हे वजन मला मान्य आहे, कारण ते खाली बसतं, छतावर नाही, आणि आईंना चढायला पायरीही होते.

लिफ्ट आता, म्हणजे दुसऱ्या वर्षात. आणि तीन इंच नाही, ४० मिलिमीटर, फार तर ५०. एक गोष्ट डोक्यात पक्की करा, जिम्नीला दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल आहेत त्यामुळे लिफ्टने डिफरन्शियलचा गोळा एक मिलिमीटरही वर जात नाही, तो फक्त मोठ्या टायरने जातो. लिफ्टने वर जातं ते पोट आणि बंपर, म्हणजे तुमचा तो २४ अंशांचा प्रश्न सुटतो. पोट टेकतंय तर लिफ्ट उपयोगी, गोळा दगडाला लागतोय तर टायर.

स्वस्तातलं स्पेसरचं काम करू नका, स्प्रिंगखाली रबर-नायलॉनचा तुकडा घालून गाडी उंच दिसते पण शॉकअप तोच, त्याची खाली जायची लांबी संपते आणि खड्ड्यात चाक सुटलं की धाडकन आवाज. स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने बदला. आणि दुकानदाराला थेट विचारा की हा सेट पाच दारीचा आहे का. परदेशात तीन दारी आधीपासून असल्याने बाजारात तिचे सेट भरपूर आहेत, पाच दारी तिच्यापेक्षा शंभरेक किलो जड आहे, चार माणसं आणि सामान भरलं की तो सेट खाली दबतो. गाडी वर गेली की पॅनहार्ड रॉड अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो, कॅस्टर कमी होतो आणि स्टिअरिंग हलकं, भटकं होतं. माझं सातारा रोडचं प्रकरण शेवटी इथेच निघालं, कॅस्टर दुरुस्तीचे बुश घातले, पॅनहार्ड अ‍ॅडजस्टेबल केला, गाडी शांत. त्यामुळे कोटेशनमध्ये ही दोन नावं, ब्रेक पाइपची लांबी आणि अलाइनमेंटचा प्रिंटआउट मागा, समोरचा गोंधळला तर दुसरीकडे जा. हेडलाइटही खाली करून घ्या, समोरच्याचे डोळे जातात.

आणि आईंना विचारा. ५० ची लिफ्ट आणि २० टायरचे, गाडी ७० मिलिमीटरने वर, जवळजवळ तीन इंच. दुखऱ्या गुडघ्याला ते रोज दोनदा चढायचंय. हे हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडे लिफ्टनंतर सासूबाई जिम्नीत बसायच्या बंद झाल्या.

स्नॉर्कल सोडून द्या. नळी बाहेर लावली पण एअर बॉक्सचे जोड सील केले नाहीत तर ती शोभेची, आणि सील केले तरी अल्टरनेटर, वायरिंग, दाराची रबरं तिथेच आहेत. त्याऐवजी अ‍ॅक्सलचे ब्रीदर पाइप (आतली हवा ये-जा करायच्या नळ्या) वर इंजिनपर्यंत ओढून घ्या, किरकोळ खर्च आहे. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचलं जातं, मग ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. ओढ्यात आधी माणसाने चालून जायचं, चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर मुलगी-आई आत असताना नाहीच. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर कुठल्याच गाडीने नाही. गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये २०१४ पासून भर पावसात गाड्या बोनेटपर्यंत बुडताना दिसतात, पण त्या गाड्यांना सोमवारी मुलीला शाळेत सोडायचं नसतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल असं सांगतो की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि दंड प्रत्येक बदलाला ५००० आहे, सोबत तुरुंगाचीही तरतूद आहे. लोखंडी बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचं पत्र काढलंय, शिवाय तो एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवतो, त्यामुळे घरच्या गाडीला माझ्याकडून साफ नकार. लिफ्ट आणि मोठे टायर सर्रास चालतात म्हणून ते नियमात बसतात असं नाही, जोखीम तुमची, इन्शुरन्सचा क्लेमही त्यावर अडू शकतो. म्हणूनही हवा, दोर, एटी टायर आणि खालच्या प्लेटवर जेवढं निभेल तेवढं निभवा. कासच्या पठारावर, सड्यावर, वनखात्याच्या वाटेवर, समुद्राच्या पुळणीवर गाडी घालू नका, आणि शेताच्या कडेने जाताना मालकाला विचारा, नव्वद टक्के वेळा तो हो म्हणतो आणि वर ताकही देतो.

तर आत्ता अडीच लाखांपैकी तीस हजार रिकव्हरी आणि कंप्रेसरला, दिवाळीच्या आसपास साठेक हजार पाच टायरना, बाकी बँकेत. आणि येत्या रविवारी एक काम करा, घरच्या चौघांना बसवा, टाकी फुल, नेहमीच्या ट्रिपचं सगळं सामान भरा आणि जवळच्या भुईकाट्यावर गाडी घाला. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची, तीन पावत्या घ्या, काटेवाला शे-दोनशे घेईल आणि वेड्यासारखा बघेल. ते तीन आकडे मला पाठवा, मागच्या अ‍ॅक्सलवर किती येतंय हे कळल्याशिवाय स्प्रिंग कुठली घ्यायची ते मी सांगू शकत नाही.